जामिनाला ताईंचा हातभार

"जामीन? हात्तिच्या, एवढंच ना! उद्या दुपारी धाकटा या स्टुलावर बसून जेवत असेल. लिहून घ्या!"

ताईंनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या एका हातात वाफा सोडणारी इस्त्री होती, दुसऱ्या हातात कुणाची तरी पँट होती, आणि ऐकायला दोन-तीन गिऱ्हाइकं, एक नवरा आणि हँगरला टांगलेले काळे कोट होते. नवऱ्यानं लिहून घेतलं नाही. ताईंनी छातीठोकपणे सांगितलेलं सगळं तो लिहून घेत बसला असता, तर दुकान कुणी झाडलं असतं?

ताईंची लाँड्री कोर्टाच्या अगदी समोर. कोर्टाच्या पायऱ्या उतरलं, रस्ता ओलांडला की थेट ताईंच्या टेबलावर आदळायचं. त्यामुळे कोर्टातल्या प्रत्येक वकिलाचा कोट कधी ना कधी ताईंच्या हाताखालून जायचा. आणि कोट तयार होईपर्यंत वकील काय करणार? बोलणार! गप्प बसलेला वकील ताईंनी अजून पाहिलेला नव्हता. ताई शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण इतकी वर्षं वाफेबरोबर कायदाच नाकातोंडात गेलेला. खून, खुन्नस, घटस्फोट, बांधावरची भांडणं, सगळं ताईंना तोंडपाठ. जामीन तर हातचा मळ!

झालं होतं ते असं. ताईंचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणूस गोगलगाय, पण स्वतःच्या चित्राबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की गोगलगायीचा बैल व्हायचा. त्या सकाळी तो शिडीवर उभा राहून बेकरीची नवी पाटी रंगवत होता. हिरवीगार पाटी आणि मधोमध भला मोठा, फुगलेला पाव. बेकरीवाला राहायला बेकरीच्या वरच. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पाटीकडे बराच वेळ पाहिलं.

"काय हो पेंटर, मी बेकरी चालवतो. ही चप्पल कशाला काढलीत?"

"चप्पल? पाव आहे तो!"

"पाव? मग अंगठा अडकवायला जागा का सोडलीत?"

झालं! धाकटा शिडीवरून खाली उतरायच्या ऐवजी वर चढला आणि हिरव्या रंगाचा डबा हातात घेऊन थेट खिडकीतून बेकरीवाल्याच्या घरात! पुढचं कुणी म्हणतं डबा ओतला, कुणी म्हणतं डबा निसटला. बेकरीवाल्याचा पांढरा कोट मात्र गळ्यापासून खालपर्यंत हिरवा झाला, झटापटीत त्याचं एक बटण उडालं, आणि समोरच्या घरातल्या चष्मेवाल्या आजींनी आपल्या खिडकीतून हे सगळं पहिल्या रांगेत बसल्यासारखं पाहिलं.

हवालदार चांगला माणूस. दर आठवड्याला गणवेश ताईंकडेच टाकायचा. त्यानं स्वतः येऊन निरोप दिला. "ताई, धाकट्याला चौकीत बसवलाय. वाईट वाटतं, पण मारायच्या तयारीनं घरात घुसणं हा गुन्हा अजामीनपात्र आहे."

"तयारी कसली मेली? हातात रंगाचा डबा होता!"

"तो डबा हीच तयारी धरलीय, ताई."

हवालदार गेल्यावर एका गिऱ्हाइकानं हळहळून मान हलवली. "अजामीनपात्र! म्हणजे जामीन मिळतच नाही."

ताईंनी इस्त्री खाडकन उभी केली. "कोण म्हणतं? जामीनपात्र असेल तर जामीन मिळणं हा हक्क. चौकीतल्या चौकीतसुद्धा सोडतात. अजामीनपात्र असेल तर तो हक्क राहत नाही, न्यायाधीशांनी ठरवायचं. पण 'मिळतच नाही' असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही! न्यायाधीश बघतात काय? गुन्हा किती मोठा, माणूस सराईत आहे का, आणि मग तीन गोष्टी. सुटल्यावर हा पळून जाईल का? पुराव्याची वाट लावेल का? साक्षीदाराला फितवेल का? या तिन्हींत नापास झाला तर आत, पास झाला तर घरी! आता मला सांगा, आमचा धाकटा पळणार कुठे? शिडीवरून उतरताना त्याला धाप लागते!"

गिऱ्हाईक गार झालं. शेजारच्या बाकावर एक वकीलसाहेब कोटाची वाट बघत बसले होते. ताई त्यांना 'सुरकुती वकील' म्हणायच्या, कारण कडक इस्त्रीचा कोटसुद्धा त्यांच्या अंगावर चढला की रडकुंडीला यायचा. त्यांनी मान डोलावली. "ताईंनी अगदी बरोबर सांगितलं."

"मग तुम्हीच उभे राहा उद्या," ताई म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

"बाकीचं म्हणजे काय?" वकीलसाहेबांनी जरा घाबरूनच विचारलं.

"तुम्ही नका काळजी करू."

ताईंचा नवरा दुकानाच्या कोपऱ्यात हँगर लावत होता. "तुम्ही नका काळजी करू" हे शब्द ऐकले की तो काळजी करायला लागायचा. लग्नापासूनची सवय.

ताई जेवणाचा डबा घेऊन चौकीत भावाला भेटून आल्या, आणि तिथून परतताना मात्र रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यामागं एक गोष्ट होती. धाकट्याला बंद दाराआड झोप येत नसे. लहानपणी एकदा कपाटात लपला आणि बाहेरून कडी लागली, तेव्हापासूनची ती धास्ती. त्याच्यासाठी ताईंनी भर थंडीतसुद्धा खोलीचं दार उघडं ठेवून रात्री काढल्या होत्या, आणि दारातून वारा येतो म्हणून त्याच बाजूला स्वतः झोपल्या होत्या. मोकळ्या हवेत राहता यावं म्हणून तर तो शिडीवरचं काम करायचा. चौकीतल्या हवालदारानं निदान व्हरांड्याचं दार सताड उघडं ठेवलं होतं. पण जामीन नाकारला गेला तर धाकटा जाणार तुरुंगात. तिथली दारं कोण उघडी ठेवणार?

"ताई, नाकारणार नाहीत ना गं?" त्यानं गजांतून विचारलं होतं.

"मी आहे ना!" ताई म्हणाल्या होत्या.

दुकानात पाऊल टाकलं आणि ताईंनी पदर खोचला. हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच!

पहिलं काम तिकिटाचं. जामीन मिळाला की गल्लीत तोंडं चालणार, बेकरीवाल्याची बेकरी समोर दिसणार, पुन्हा डोकं फिरणार. त्यापेक्षा धाकट्याला कोर्टातूनच परस्पर मावशीकडे धाडायचं. मावशी राहायची समुद्राकाठी, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. ताईंनी लगेच दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसचं तिकीट काढून आणलं.

नवऱ्यानं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "अगं, पळून जाईल का, ते बघतात असं तूच म्हणालीस ना सकाळी?"

"पळून जाणं वेगळं आणि मावशीकडे जाणं वेगळं! मावशीकडे कुणी पळून जातं का? मावशीकडून पळून येतात!"

"आणि परतीचं?"

"परतीचं मग बघू. मन शांत व्हायला किती दिवस लागतील, आत्ता कसं सांगणार?"

तिकीट हरवू नये म्हणून त्यांनी ते सुरकुती वकिलांच्या, उद्यासाठी पुन्हा इस्त्रीला आलेल्या कोटाच्या आतल्या खिशात सारलं. कोट उद्या कोर्टात असणारच, म्हणजे तिकीटही वेळेवर पोचणार! गिऱ्हाइकाचे खिसे रिकामे करणं हा लाँड्रीचा पहिला नियम. खिशात उलट काही घालण्याची ही ताईंची पहिलीच वेळ. फक्त वकीलसाहेबांना ते सांगायचं राहिलं.

दुसरं काम चष्मेवाल्या आजींचं. "साक्षीदाराला भेटायचं नाही," असं ताईंनी स्वतःलाच बजावलं, आणि कपाट उघडताच समोर आजींचे पडदे! धुऊन, इस्त्री होऊन पडून राहिलेले. आज नेतो, उद्या नेतो, म्हणत नेऊन द्यायचे राहूनच गेले होते.

"म्हणून तर!" नवरा एकदम म्हणाला.

"काय म्हणून तर?"

"पडदे वेळेवर नेऊन दिले असते, तर आजींना समोरचं काही दिसलंच नसतं."

ताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो हँगरांच्या मागे दिसेनासा झाला.

"धंद्याचा शब्द म्हणजे शब्द," म्हणत ताई पडदे घेऊन आजींकडे गेल्या. खटल्याबद्दल चकार शब्द काढला नाही! उलट आजीच विषय काढायला लागल्या, तेव्हा ताईंनी कानांवर हात ठेवले. आजींना स्टुलावर चढवत नाही, म्हणून पडदे स्वतः टांगून दिले. इतके दिवस थांबवलं म्हणून पैसेही घेतले नाहीत. जाड, तळापर्यंत येणारे पडदे, त्यात ताईंच्या हातची खळ! एकदा ओढले की बाहेरचं सूर्यबिंबसुद्धा दिसेना. थोड्याच वेळानं चौकीतले साहेब घटनास्थळ बघायला आले, आजींच्या खिडकीशी उभे राहिले आणि त्यांना पडद्यावरची फुलं तेवढी दिसली. ताईंना याचा पत्ताही नव्हता.

तिसरं काम ताईंनी काढलंच नाही. ते चालत दुकानात आलं.

संध्याकाळी हवालदार घाईघाईत कागदी पिशवी टेबलावर टाकून गेला. "ताई, उद्या कोर्टात न्यायचंय. चकचकीत करा!" तेव्हा ताईंच्या भोवती पुन्हा श्रोते जमले होते, आणि ताई जातमुचलका म्हणजे काय, जामीनदार कसा असावा, जामिनाच्या अटी मोडल्या तर मिळालेला जामीनही कसा रद्द होतो, हे रंगवून सांगत होत्या. तोंड कायद्यात आणि हात कामात! हातांनी पिशवी उघडली, आतून पांढरा कोट बाहेर काढला. त्याच्यावर हिरव्या रंगाचा अख्खा नकाशा. ताईंचे हात असा रंग बघून थांबणाऱ्यातले नव्हेत. दुकानात धाकट्याचाच टर्पेंटाइनचा डबा होता, त्यात फडकं बुडवून हात चालू झाले.

"हा कोट कुणाचा?" नवऱ्यानं विचारलं.

"कपड्याला नाव विचारायचं नसतं, रंग कुठला ते विचारायचं! ... हां, तर जामीनदार म्हणजे..."

रंग गेला. साबण झाला, नीळ झाली, खळ झाली. एक बटण नव्हतं, तेही ताईंनी डब्यातलं शोधून शिवून टाकलं. शेवटी घडी घालून वर दुकानाची गुलाबी चिठ्ठी टाचली: 'आभारी आहोत. पुन्हा अवश्य या.' सकाळी हवालदार तोंडावर पाणी मारून धावत आला, पुडकं काखेत मारलं आणि "कोर्टातच बदलतो!" म्हणत पळाला.

कोर्टात न्यायाधीशबाई खुर्चीत होत्या. चेहरा असा, की हसू आलं तरी ते आतल्या आतच निकालात निघावं. धाकटा पिंजऱ्यात उभा. त्याची नजर सारखी दालनाच्या दाराकडे. ताईंनी मागच्या बाकावरून त्याला डोळ्यांनीच खुणावलं: जेवायला घरी!

सरकारी वकील उठले. "मॅडम, आरोपी खिडकीतून घरात शिरला. पुरावा म्हणून फिर्यादीचा रंगानं माखलेला कोट हजर करतो आहोत." त्यांनी टेबलावरची पिशवी उघडली आणि दोन बोटांनी एक वस्तू उंच धरली.

ती हवालदाराची खाकी पँट होती.

"हा कोट आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही... म्हणजे... हवालदार!"

हवालदाराचा चेहरा उतरला. चौकीत दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या, एक त्याच्या गणवेशाची, एक जप्त कोटाची. जप्त केलेल्या पिशवीला सील लावायचं 'नंतर लावू' म्हणून राहिलं होतं. तो काखेतलं पुडकं घट्ट धरू लागला, पण सरकारी वकिलांनी ते ओढून घेतलं. गुलाबी चिठ्ठी गळून पडली, घडी उलगडली, आणि सगळ्या दालनात उजेड पडावा असा पांढराशुभ्र कोट समोर आला!

"माझा कोट!" पहिल्या बाकावरचा बेकरीवाला ओरडला. "अहो, नवा आणला होता तेव्हासुद्धा एवढा पांढरा नव्हता!"

"यावरचा रंग कुठे गेला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

ताईंना राहवेना. "सगळा गेला, मॅडम! उन्हात धरून बघा, एक थेंब दिसला तर नाव बदलेन! बटणसुद्धा..."

आणि मग ताईंच्या लक्षात आलं. वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि त्या मटकन बाकावर बसल्या.

"आरोपीची बहीण, मॅडम," सरकारी वकील खूश होऊन म्हणाले. "पुरावा नष्ट! आणि प्रत्यक्ष साक्षीदाराचं म्हणाल, तर काल त्या आजींच्या खिडकीला अचानक जाड पडदे लागले आहेत."

मागून चष्मेवाल्या आजी हौसेनं उठल्या. "अगदी सुरेख लागलेत हो! हिनंच टांगून दिले, आणि पैसेही घेतले नाहीत. फार गुणी मुलगी!"

"आजी, बसा!" ताई कळवळून म्हणाल्या.

सुरकुती वकिलांना दरदरून घाम फुटला होता. "मॅडम, काही झालं तरी माझा अशील पळून जाणारा माणूस नाही! त्याचं घर इथं, काम इथं. हे शहर सोडून तो एक पाऊलसुद्धा..." असं म्हणत त्यांनी कपाळ पुसायला आतल्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर एक कागद तरंगत तरंगत गेला आणि थेट न्यायाधीशबाईंच्या टेबलावर उतरला.

न्यायाधीशबाईंनी तो वाचला. "आरोपीच्या नावाचं बसचं तिकीट. आज दुपारचं. एकेरी."

वकीलसाहेब कोटाकडे असे बघू लागले, की जणू तो कोट फितूर झालाय.

सगळं दालन खदखदून हसत होतं. हसत नव्हती दोघंच. धाकटा पिंजऱ्याचा कठडा धरून दाराकडे बघत होता, आणि आत्ताच कुणीतरी ते दार बंद करायला उठला होता, बाहेर गोंगाट फार म्हणून. ताईंनी भावाचं तोंड पाहिलं. कपाटातून बाहेर काढलं होतं तेव्हा असंच होतं ते, पांढरंफटक.

ताई उठल्या. या वेळी आवाज चढला नाही.

"मॅडम, तिन्ही गोष्टी मी केल्या. त्याला यातलं काही माहीत नाही, तो तर आत होता. कायदा मला येतो असं मी गावभर सांगत फिरले, आणि त्यानं करू नये म्हणून जे जे लिहिलंय, ते सगळं मीच करून बसले. शिक्षा द्यायची तर मला द्या. त्याला बंद खोलीत नका ठेवू. त्याला झोप येत नाही. आणि... ते दार जरा उघडं ठेवायला सांगा ना."

हशा थांबला. न्यायाधीशबाईंनी हातानंच खूण केली, दार उघडं राहिलं.

"तुम्हाला जामिनाचा कायदा शिकवला कुणी?"

ताईंनी वकिलांच्या बाकांकडे बोट केलं. सगळे काळे कोट एकाच वेळी जमिनीवर काहीतरी शोधू लागले.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. "आरोपीवर याआधी एकही गुन्हा नाही. तो पळेल, पुरावा बिघडवेल, साक्षीदाराला फितवेल, असं त्याच्या वागण्यातून मला काहीच दिसत नाही. हे सगळं घडलं तेव्हा तो चौकीत कोठडीत होता. कोटावर रंग होता हे पंचनाम्यात आहेच, आणि आजींना काय दिसलं ते आजी सांगतील."

"आत्ताच सांगू?" आजींनी विचारलं.

"नको. मला धोका दिसतो तो आरोपीकडून नव्हे, त्याच्या मदतीला धावणाऱ्यांकडून. तो आत राहिला तर त्या बाहेर मोकळ्याच राहणार! त्यापेक्षा तो बाहेर असलेला बरा, निदान लक्ष तरी ठेवील. जामीन मंजूर. अटी अशा: आरोपीनं परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. तिकीट परत करावं. फिर्यादी आणि साक्षीदाराशी या प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. चौकीत हजेरी द्यायची. आणि त्याच्या वतीनं त्याची बहीण या प्रकरणात काहीही करणार नाही, काहीही बोलणार नाही, ही जबाबदारी आरोपीची. मोडली, तर जामीन रद्द करण्याचा विचार करावा लागेल."

"काहीही म्हणजे, मॅडम, अगदी..." ताईंनी सुरुवात केली.

"ताई!" पिंजऱ्यातून धाकटा, बाकावरून नवरा आणि समोरून सुरकुती वकील, तिघेही एका सुरात ओरडले.

जामीनदार म्हणून ताई पुढे सरसावल्या होत्याच. न्यायाधीशबाईंनी नुसतं पाहिलं. ताई मागे सरकल्या आणि नवऱ्यानं सही केली. सही झाल्यावर तो इतका ताठ चालू लागला, की जणू त्यालाच खळ घातलीय.

दुपारी खरोखरच धाकटा लाँड्रीतल्या स्टुलावर बसून जेवला, दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी टाकून. जेवण होऊन तो हात पुसत दारात आला. रस्त्याच्या टोकाला बेकरी दिसत होती. शिडी तिथंच होती, आणि वर ती अर्धवट पाटी. हिरवीगार, मधोमध ते चित्र.

तो बराच वेळ बघत राहिला.

"ताई, तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. खरं सांग, कसं दिसतंय ते?"

ताईंनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला कलती केली. अंगठ्याची जागा तर होतीच, पण आता बघताना टाचेकडची झीजही स्पष्ट दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारल्यावर ताईंनी तोंड मिटलं, आणि पटकन वळून इस्त्री हातात घेतली.

"मला नको विचारूस बाबा," त्या म्हणाल्या. "कोर्टानं मला बोलायची बंदी केलीय."